काय हात लावलास?

आमच्या घरातल्या संगणकाचं नाव ढवळी आहे. शेजारच्या बाई एकदा विरजण मागायला आल्या, तेव्हा आमची सुनीता आतून ओरडत होती, "अहो, ढवळी सकाळपासून बंद पडलीय, काशीभावोजींना फोन करा!" बाईंनी दारातूनच काळजीनं विचारलं, "डॉक्टरला बोलावलंत का?" महाडात दुमजली घराच्या तळमजल्यावर आम्ही गाय कुठं बांधली असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पुढं आठवडाभर त्या ढवळीची चौकशी करत होत्या आणि मी मान हलवून "खाते आता थोडं थोडं" म्हणत होतो. खोटं माझ्या तोंडून असं अलगद निघतं. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि शनिवारी मूल्यशिक्षणाचा तास घेतो.

ढवळीचं नाव काशीदादानं ठेवलं. काशीदादा माझा थोरला चुलतभाऊ. पोलादपूरच्या वर डोंगरावर आमची वाडी आहे, तिथं आमच्या आधीच्या सगळ्या पिढ्या गुरांमागं फिरल्या. मी शिकून शाळेत चिकटलो, दादा आयटीआय करून महाडच्या एका केमिकल कंपनीत लागला. मीटर, गेज, तापमानाचे काटे हे त्याचं काम. बिरवाडीत भाड्याची एक खोली घेऊन राहायचा. वहिनी, शेत आणि उरलेली दोन गुरं वर वाडीत. कंपनीनं टाकून दिलेले जुने संगणक तो उचलून आणी, साफ करी आणि त्यांच्यावर लिनक्स चढवी. लिनक्स म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "फुकटचं हाय, पण फुकट्यासाठी नाय." हे माझ्याकडे बघून म्हणाला.

नातेवाइकांच्या घरातला प्रत्येक संगणक त्यानं बसवलेला आणि प्रत्येकाला वाडीतल्या मेलेल्या गुराचं नाव. माझा ढवळी. माझी मुलगी प्राची हिचा मोरी. दासगावला मावसभावाकडे पवळ्या आणि बांडा. आमच्याच घरी माळ्यावर एक पडदा तडकलेला लॅपटॉप चोवीस तास चालू असायचा, तिचं नाव म्होरकी. कळपाच्या पुढं चालणारी, घंटा बांधलेली गाय असते ना, ती.

म्होरकीचं काम काय ते त्यानं मला ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी मला डीएनएस नावाचं प्रकरण कळलं. नंतर पुष्कळांनी समजावलं, पण ते सगळं विसरलो. दादा जमिनीवर मांडी घालून बसला होता, हातात बिनसाखरेचा कोरा चहा. म्हणाला, "आपला बा सांजच्याला टेपाडावर उभा राहून हाक मारायचा. ढवळेऽ म्हटलं की ढवळीच यायची, मोरी मान वर करायची नाय. बरोबर? आता हा संगणक बहिरा हाय. त्याला नाव कळत नाय, आकडा कळतो. तू नाव टाकतोस, मग कुणीतरी सांगायला लागतं की या नावाचा आकडा हा. ती सांगणारी म्हणजे म्होरकी. घरातलं नाव तिला ठाव असतं, बाहेरचं नाव ती बाहेर विचारून येते."

"आणि ती आजारी पडली तर?"

"तर सगळी गुरं जिथल्या तिथं धडधाकट उभी, पण हाक कुणाला पोचत नाय. म्हणून आधी आकड्यानं हाक मारून बघायची. आकड्यानं आलं आणि नावानं नाय आलं, तर खोट सांगण्यात हाय, गुरात नाय. लोक उगाच गुराला झोडपतात."

आणखी एक गोष्ट त्यानं त्या दिवशी बजावली. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक छोटी फाईल असते, दादा तिला चिठ्ठी म्हणायचा. तिच्यात नाव आणि आकडा हातानं लिहून ठेवता येतो, आणि चिठ्ठीत नाव सापडलं की संगणक म्होरकीला विचारायलाच जात नाही. "घरातली नावं लिही हवी तर," दादा म्हणाला. "बाहेरचं नाव चिठ्ठीत कधी लिहायचं नाय. बाहेरची माणसं बिऱ्हाडं बदलतात, आकडा बदलतो आणि तुला कळवत नायत. तू आपला जुन्या दारावर थापा मारत बसशील." एवढं सांगून त्यानं चिठ्ठी उघडायचा पासवर्ड मला दिला. नातेवाइकांत फक्त मला. मी शिक्षक ना.

कुणाचाही फोन आला की दादाचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय हात लावलास?"

यात दटावणी नसे. वैद्य नाडी धरतो तसा तो हा प्रश्न धरून बसायचा. आणि समोरचा प्रत्येक माणूस, प्रत्येक वेळी म्हणायचा, "काही नाही." दासगावला मावसभावाकडे असंच झालं. नाव टाकलं की पान उघडेना. दादानं मला बरोबर नेलं, म्हणजे स्कूटरला किक मारायला. तिथं सगळं घर शपथेवर सांगत होतं की कुणी बोटसुद्धा लावलं नाही. दादा संगणकाला न शिवता ओटीवर बसला. चहा घेतला. भाताचं विचारलं. म्हशीचं विचारलं. तासाभरानं मावसभावाचे म्हातारे वडील स्वतःच म्हणाले, "काशी, परवा ईज कडाडली तवा मी सगळ्या पिना उपटल्या व्हत्या रे. मागारी लावताना कंची कुठं ते ध्यानात ऱ्हायला नाय."

दादा असा हसला की मला वाटलं, याला बक्षीस मिळालं. "सांगितलंत ना अण्णा? मग झालं. निम्मं काम तुमीच केलंत." दोन मिनिटांत त्यानं पिना जागच्या जागी लावल्या. परत येताना मी म्हटलं, "तू आत जाऊन बघितलं असतंस तर पाच मिनिटांत कळलं असतं."

"व्हय."

"मग तासभर म्हशीच्या गप्पा कशाला?"

"घरातल्या माणसानं नाय म्हटल्यावर त्याच्या मागं तपास लावायचा नाय, बाळू. पोलीस हाय काय मी? तो सांगेपर्यंत थांबायचं. आणि नाय म्हणाला तर नाय. मग ती वाट सोडून दुसरीकडं शोधायचं."

हे त्याचं तत्त्व मला तेव्हा फार आवडलं होतं. शनिवारच्या तासाला मी ते वापरलंही, स्वतःचं म्हणून.

या तत्त्वापायीच त्याची कंपनी सुटली होती. आधीच्या पाळीतल्या कुणीतरी एका टाकीच्या तापमानाची सेटिंग बदलली आणि जाताना सांगितली नाही. दादानं पाळी घेताना विचारलं होतं, काय हात लावलास? तो म्हणाला, काही नाही. दादानं सही केली. माल सगळा नासला आणि सही दादाची. चौकशीत त्यानं एवढंच सांगितलं की माझ्या पाळीत झालं. त्याला घरी बसवलं. मी एकदा विचारलं, "कोण होता तो?" तर म्हणाला, "त्याला दोन पोरी हायत रे." नव्या-जुन्या प्रत्येक डबड्याला नाव ठेवणारा माणूस, पण हे एक नाव त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही.

त्यानंतर त्याच्याकडे उरलं काय, तर आम्ही. म्हणजे आमचे संगणक. नात्यात कुठं काही अडलं की "काशीदादाला विचारा" हे एवढं एक वाक्य त्याच्या मालकीचं होतं. त्याच्यावर तो सकाळी दाढी करून बाहेर पडायचा.

त्याची आणखी एक सवय सांगायला हवी. तो लिहिलेली ओळ कधी पुसत नसे. चिठ्ठीतली एखादी ओळ नको झाली, तर तिच्या सुरुवातीला हॅशची खूण करी. खूण असली की संगणक ती ओळ वाचत नाही, पण माणसाला दिसते. आणि ओळीच्या शेवटी तारीख आणि कारण टाइप करी: 'मोरीचा आकडा बदलला', 'पवळ्या मोडीत'. मी म्हटलं, पुसून टाक की, घाण कशाला? तर म्हणाला, "पुसलं की चूक पण जाते आणि चूक कुठं व्हती ते पण जातं."

आता ती सकाळ.

प्राचीची एका मोठ्या कंपनीची नोकरीची परीक्षा होती. घरबसल्या, संगणकावर. मोबाईल चालणार नाही, आणि आधी ज्या संगणकावरून नोंदणी केली त्यावरूनच बसायचं, असा नियम. नोंदणी ढवळीवरून झाली होती. मंगळवारी सकाळी दहाला दार उघडणार, पावणेअकराला बंद. रविवारी सराव होता, तेव्हा ते पान उघडायला फार वेळ लागला. प्राची नखं खात होती. ती आणि तिची आई बाजारात गेल्यावर माझ्यातला तंत्रज्ञ जागा झाला. मी विचार केला, हा वेळ नाव विचारण्यात जातोय. म्होरकीला विचारा, तिनं बाहेर विचारावं, कशाला एवढी भानगड? परीक्षेच्या पानाचा आकडा मी शोधून काढला, पासवर्ड टाकला आणि चिठ्ठीत ओळ लिहिली. पान झटकन उघडलं. सोमवारीही उघडलं. मी कुणाला बोललो नाही. परीक्षा नीट पार पडली की जेवताना सहज म्हणून सांगायचं, असं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं.

मंगळवारी दहाला पान उघडलं नाही.

बाकी सगळं उघडत होतं. बातम्या, हवामान, सुनीताच्या पाककृती. तेवढं एक पान नाही. दादाला फोन केला. तो बिरवाडीहून स्कूटरवर सव्वादहाला आला, चप्पल दारात उलटी पडली. ढवळीसमोर बसता बसता म्हणाला, "काय हात लावलास?"

प्राची माझ्या उजव्या हाताला उभी होती, सुनीता दारात. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"कुठं काय? काहीच नाही," मी म्हटलं. हजेरीला पोरं "हजर" म्हणतात ना, तसं निघालं ते. खरं सांगतो, त्या क्षणी मला ती ओळ आठवलीसुद्धा नव्हती. निदान मी आजवर स्वतःला असंच सांगत आलोय.

दादानं मान हलवली आणि ती वाट सोडली. मग तो दुसरीकडं शोधत सुटला. त्यानं म्होरकीला थेट विचारलं, या पानाचा आकडा काय? तिनं सांगितला. बाहेरच्या दुसऱ्या सांगणाऱ्याला विचारलं, त्यानंही तोच सांगितला. "आकडा तर बरोबर देते," तो स्वतःशी पुटपुटला, "मग ढवळी जाते कुठं?" त्यानं राउटर बंद करून चालू केला. केबल बदलली. माळ्यावर चढून म्होरकी खाली आणली, तिच्यावरची धूळ सदऱ्यानं पुसली, तिची सगळी मांडणी तडकलेल्या पडद्यावर ओळीओळीनं वाचून काढली. कानामागून घाम ओघळत होता. स्वतःच्याच यंत्रावर त्याचा संशय वाढत चालला होता.

तो म्होरकी घेऊन माळ्याच्या शिडीवरून उतरत होता, तेव्हा मला ती ओळ आठवली. घड्याळात दहा पंचवीस झाले होते. कंपनीनं सोमवारनंतर कधीतरी बिऱ्हाड बदललं असणार आणि ढवळी माझ्या चिठ्ठीतल्या जुन्या दारावर थापा मारत होती. दादानं जे होईल म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच. एक वाक्य बोलायचं होतं. दादा, रविवारी मी एक ओळ लिहिली. अर्ध्या मिनिटाचं काम. प्राची आत बसली असती.

मी पंखा वाढवला.

"होतंय का, काका?" प्राचीनं विचारलं.

"होणार गो, होणार. रडू नको."

"भावोजी, पावणेअकराला बंद होणार आहे ते," सुनीता म्हणाली.

मी दादाला पाणी दिलं. पाणी देताना वाटलं, आता सांगू. पण आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. दर मिनिटाला सांगायची गोष्ट एका मिनिटानं मोठी होत होती. दहा पस्तीसला मी रिकामा पेला आत नेऊन ठेवला.

पावणेअकरा होऊन गेले. दादा थांबला. मग कोण जाणे काय मनात आलं, त्यानं म्होरकी बाजूला ठेवली आणि ढवळीलाच विचारलं की तू या नावाचा आकडा काय समजतेस? पडद्यावर वेगळाच आकडा आला. दादानं चिठ्ठी उघडली.

मी त्याच्या मागं उभा होतो. त्याची पाठ मला दिसत होती आणि पाठीपलीकडं माझी ओळ. त्यानं ती वाचली. तो मागं वळला नाही. फक्त त्याचे खांदे एकदा खाली आले. मग एक बोट वर गेलं, एक बटण दाबलं गेलं, चिठ्ठी बंद झाली. परीक्षेचं पान उघडलं. त्याच्यावर लिहिलं होतं: प्रवेशाची वेळ संपली आहे.

प्राची खाली बसली, जमिनीवर.

"माझ्या म्होरकीत जुना आकडा ऱ्हायला व्हता गो," दादा तिला म्हणाला. "माझी चूक."

सुनीता फार बोलणारी बाई नाही. त्या दिवशी बोलली. "भावोजी, जमत नव्हतं तर आधी सांगायचं होतं. आम्ही केबलवाल्याचा इंटरनेटचा डबा घेतला असता. पोरीच्या वर्षाचा खेळ झाला तुमच्या ह्या गुरांपायी."

दादानं काढलेली केबल परत जागी लावली. माझ्याकडे बघायचं टाळलं. तेव्हा मला वाटलं, त्याला लाज वाटतेय.

आणि मी काय केलं? मी पुढं झालो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ दे दादा. होतं असं कधी कधी."

मी त्याला माफ केलं.

संध्याकाळी मी ढवळीची चिठ्ठी उघडली. माझी ओळ जागेवर होती. सुरुवातीला हॅशची खूण. बाकी खुणेच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तारीख होती, कारण होतं. माझ्या ओळीच्या शेवटी काहीही नव्हतं.

बातमी नात्यात पसरायला दोन दिवस लागले. काशीदादाच्या खेळण्यामुळे प्राचीची नोकरी गेली. दासगावच्या मावसभावानं केबलवाल्याचा तयार डबा बसवला. आम्हीही बसवला. दादा येऊन म्होरकी घेऊन गेला, दारातूनच. सुनीतानं चहाचं विचारलं, तो म्हणाला, आताच घेतला. "काशीदादाला विचारा" हे वाक्य बंद पडलं. दोन महिन्यांत त्यानं बिरवाडीची खोली सोडली. वर वाडीत राहायला गेला आणि पुढच्या शिमग्याआधीच वारला. झोपेत, असं वहिनी म्हणाल्या. प्राचीला नंतर पुण्यात नोकरी लागली, पण ती नव्हे, आणि अजूनही कुणी विचारलं की ती सांगते, "काकांमुळे गेली." मी तिथंच बसलेलो असतो. चहात बिस्किट बुडवण्यात माझं फार लक्ष असतं.

खोली सोडली त्या दिवशी तो मला दिसला, तो शेवटचा. मी शाळेच्या प्रशिक्षणासाठी पोलादपूरला गेलो होतो. एसटी स्टँडवर वाडीच्या गाडीची वाट बघत तो बाकावर बसला होता. दाढी वाढलेली. पायाशी वळकटी, आणि मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. एक वायर बाहेर लोंबत होती.

"म्होरकी?" मी विचारलं.

"व्हय."

"वर ना केबल, ना धड रेंज. तिथं काय करणार तिचं?"

"मग ठेवू कुणाकडं?" तो म्हणाला.

मी घड्याळ बघितलं. प्रशिक्षण साडेदहाला होतं आणि विषय होता 'विद्यार्थ्यांमध्ये प्रामाणिकपणाची रुजवण'.

"प्राची कशी हाय?"

"बरी आहे. पुण्याला अर्ज केलाय."

"हुशार हाय ती. लागेल." मग त्यानं गोणपाटातून लोंबणारी वायर नीट गुंडाळली, आत खोचली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाळू, राग मानू नको. एकदा विचारतो. त्या दिशी काय हात लावला व्हतास का?"

आवाजात काहीही नव्हतं. दासगावच्या ओटीवर म्हाताऱ्याला भाताचं विचारताना होता, तसाच आवाज. तो थांबायला तयार होता. गाडीला अजून दहा मिनिटं होती. हो म्हटलं असतं तर तो हसला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणाला असता, सांगितलंस ना? मग झालं.

"नाही, दादा," मी म्हणालो. "काहीच नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. पडद्यावर उत्तर यायला वेळ लागला की तो असाच बघायचा, घाई न करता, अजून येईल म्हणून.

"मग बरं," तो म्हणाला.

गाडी लागली. मी वळकटी वर चढवून दिली. गोणपाट त्यानं मला धरू दिलं नाही. खिडकीशी बसला, ते मांडीवर घेतलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. गाडी वळून घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी हात हलवत होतो. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.